दोष यंत्राचा नव्हे, कात्रीचा!

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या आठ दिवस आधी आमच्या उर्दू शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत मोठे वादंग झाले. कारण तसे क्षुल्लक होते. नववीतल्या तीन पोरांनी मोबाइलवर एक गाणे तयार करून आणले होते. त्यांतल्या एकाच्या नानीकडून त्यांनी रतजग्याला म्हणतात ते एक दखनी गीत गाऊन घेतले होते. नानीचा आवाज, तिच्या हाताखालची ढोलकी आणि त्याला पोरांनी जोडलेला यंत्राचा ठेका. अडीच मिनिटांचे ते गाणे संमेलनात वाजवू द्यावे, एवढीच त्यांची विनंती होती.

आमच्यातले एक बुजुर्ग सर म्हणाले, "नऊजुबिल्लाह! आता शाळेतही डीजे लावायचा काय?" दुसरे म्हणाले, "उर्दूत गझल आहे, नज्म आहे, नात आहे. ही बायकांची टूटी-फूटी जबान व्यासपीठावर कशाला?" तिसरे एक तरुण सर उसळून म्हणाले, "जनाब, याला फ्यूजन म्हणतात. जमाना कुठे गेला आणि आपण कुठे बसलो आहोत!" तासभर ही लढाई चालली. शेवटी परवानगी नाकारली गेली आणि सगळे चहाला गेले.

त्या तासाभरात एकानेही विचारले नाही की त्या गाण्यात शब्द काय आहेत, ते कुठून आले आणि गाणाऱ्या नानीचे नाव काय. आम्हीही विचारले नाही. आम्ही बी.एड. झालेले, उर्दू शिकवून घर चालवणारे, शब्दांचीच भाकरी खाणारे लोक. पण शब्दांची विचारपूस करणे आम्हालाही सुचले नाही. हा लेख त्या शरमेतून लिहिला आहे, हे आधीच कबूल केलेले बरे. पुढे जे कडू बोलणार आहोत त्यातला पहिला घोट आमचाच आहे.

लोकांच्या गाण्याला यंत्राची जोड द्यावी की नाही, हा वाद काही आमच्या खोलीत जन्मलेला नाही. आपल्या कानांना ठाऊक असलेले त्याचे सर्वांत मोठे उदाहरण 1990 सालचे आहे. त्या वर्षी उस्ताद नुसरत फतेह अली खाँ यांचा 'मस्त मस्त' हा अल्बम इंग्लंडमधून निघाला. खाँसाहेबांचे घराणे मूळचे जालंधरचे. फाळणीनंतर ते लायलपूरला, म्हणजे आजच्या फैसलाबादला गेले आणि तेथेच 1948 साली खाँसाहेबांचा जन्म झाला. 1985 मध्ये इंग्लंडमधल्या वोमॅड महोत्सवात त्यांनी कव्वाली गायली आणि पंजाबी-उर्दूचा एक शब्दही न कळणारे गोरे श्रोते थक्क झाले. त्या महोत्सवामागचे गायक पीटर गॅब्रिएल यांनी 1989 मध्ये 'रिअल वर्ल्ड' ही ध्वनिमुद्रण संस्था सुरू केली. तिच्यासाठी मायकल ब्रूक या कॅनडाच्या गिटारवादकाने खाँसाहेबांबरोबर हा अल्बम बांधला. ब्रूक साधे गिटारवादक नव्हते. एकदा छेडलेला सूर हवा तितका वेळ न विझता चालू राहील अशी गिटार त्यांनी स्वतः तयार केली होती.

या अल्बममध्ये एकीकडे तबला, हार्मोनियम आणि खाँसाहेबांचा गळा. दुसरीकडे बास गिटार, कीबोर्ड आणि यंत्राने बांधलेला ताल. दर्ग्यावर अर्धा-पाऊण तास फुलत जाणारी कव्वाली येथे पाच-सहा मिनिटांत मावली. बहुतेक गाण्यांत शब्द नाहीतच, फक्त सरगम आणि तराण्याचे बोल आहेत. शेवटी 'मॅसिव्ह अटॅक' या ब्रिस्टलच्या मंडळींनी केलेले शीर्षकगीताचे रिमिक्स आहे आणि जगभर गाजले ते तेच.

आता कात्रीची गोष्ट ऐका. ध्वनिमुद्रण झाल्यावर ब्रूक यांनी नेहमीप्रमाणे तुकडे कापून जोडले. हे त्यांनी स्वतःच प्रांजळपणे सांगून ठेवले आहे की काही ठिकाणी त्यांनी ओळ मध्येच तोडली होती आणि त्यामुळे शब्दांचा अर्थच उरला नव्हता. त्यांना भाषा येत नव्हती. कानाला गोड लागले तेथे कापले. एवढेच नव्हे, जेथे नुसते सा-रे-ग होते तेथेही तोडल्यामुळे सुरांच्या वाक्याचा अर्थ बिघडला होता. खाँसाहेबांना हे पसंत पडले नाही. त्यांनी हरकत घेतली, दोन्ही बाजूंनी तडजोड झाली आणि मगच अल्बम पुरा झाला.

वाचकहो, या घटनेकडे नीट पाहा. जगातला एक मोठा कव्वाल परक्या देशातल्या, परक्या यंत्रांनी भरलेल्या खोलीत बसला आहे. त्याने गिटारला हरकत घेतली नाही. कीबोर्डला घेतली नाही. यंत्राच्या तालाला घेतली नाही. हरकत घेतली ती अर्थ तोडण्याला. आमच्या शाळेतल्या त्या तासभराच्या भांडणाचा निकाल 1990 सालीच लागला होता, फक्त तो वाचायची आम्हाला सवड झाली नव्हती.

परवानगी नाकारल्यावर तो नानीचा नातू दोन दिवस शाळेत आला नाही, म्हणून आम्ही त्याच्या घरी गेलो. नानी बिड्या वळत बसली होती. आम्ही पोराला म्हटले, "ते गाणे लाव बघू." नानीने संपूर्ण गाणे पहिल्यांदाच ऐकले. ऐकून झाल्यावर सुपातला हात थांबवून ती म्हणाली, "बाजा अच्छा है रे बेटा. पर बात कू बीच में कायकू तोड़े?"

मग तिने समजावून सांगितले. गीतात सासरी निघालेली मुलगी बापाला म्हणते की ईदेला मला न्यायला एकटे येऊ नका, धाकट्या भावाला बरोबर आणा. त्याला पाहिल्याशिवाय मला ईद वाटायची नाही. पोरांना सूर आवडला तो पहिल्या अर्ध्या ओळीचा. त्यांनी तेवढाच तुकडा कापला आणि आठ वेळा फिरवला. गाण्यातली मुलगी आठ वेळा बापाला सांगत होती की मला न्यायला येऊ नका! भावासाठी झुरणारी मुलगी माहेरावर रुसलेली होऊन बसली. हे पोरांना कळले नाही, तरुण सरांना कळले नाही आणि विरोध करणाऱ्या बुजुर्गांनाही कळले नाही. ते कळले फक्त एका बिडी कामगार बाईला. मायकल ब्रूक यांच्यापुढे खाँसाहेबांनी जी हरकत घेतली, तीच सोलापुरातल्या आमच्या नानीने घेतली. दोघांची शाळा एकच दिसते.

आता एकेकाचा हिशेब करू.

पहिला हिशेब तहजीबवाल्यांचा. त्यांचे म्हणणे असे की यंत्राने आमची असल कव्वाली बाटवली. आम्ही विचारतो, असल म्हणजे कधीची? हार्मोनियम कुठून आली? एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये तयार झालेला हा बाजा पाद्र्यांच्या आणि गोऱ्यांच्या सामानातून हिंदुस्थानात उतरला. ऑल इंडिया रेडिओने 1940 साली त्याला परका ठरवून बंदी घातली आणि ती उठायला 1971 उजाडावे लागले. आज हार्मोनियमवाचून कव्वालीची कल्पना करून दाखवा! कालचा परका आज घरचा झाला आणि घरचा झाल्यावर दारात उभ्या असलेल्या नव्या परक्याला हटकू लागला. ही तहजीब नव्हे, ही विसराळूपणाची खोड आहे.

आणि यंत्राच्या ठेक्याचे म्हणाल तर आम्ही पहिली कव्वाली ऐकली तीच यंत्राच्या ठेक्यावर. आमचे वडील यंत्रमागावर होते. डबा द्यायला शेडमध्ये गेलो की एका कोनाड्यात टेप चालू असायचा आणि त्यात खाँसाहेबांची कॅसेट. दहा-बारा मागांची खटखट, धोट्यांची ये-जा आणि त्या सगळ्यावरून येणारा तो आलाप. कित्येक वर्षे आम्हाला वाटे की ती खटखट कॅसेटमध्येच आहे. तेथे कोणी रिमिक्स केले नव्हते. मजुरी करताना गाणे ऐकायचे तर मागाची साथ घ्यावीच लागे.

याच्याही मागे जाऊ. सोलापुरापासून विजापूर शंभर किलोमीटर. आदिलशाहीच्या काळात तेथल्या चिश्ती सूफींनी दखनीत चक्कीनामे आणि चरखानामे लिहिले. रिचर्ड ईटन या अभ्यासकाने विजापूरच्या सूफींवरच्या 1978 सालच्या ग्रंथात त्याची सविस्तर मांडणी केली आहे. बायका दळताना आणि सूत काततानाच ही गीते म्हणत. जात्याच्या खुंट्याला अलिफ मानायचे, दळण फिरवता फिरवता अल्लाहचे नाव घ्यायचे. आता सांगा, जाते म्हणजे काय? चरखा म्हणजे काय? त्या काळचे यंत्रच ना? त्यांची घरघर हाच त्या गाण्यांचा ठेका होता. ज्या बुजुर्गांच्या मजारींवर आपण चादर चढवतो त्यांनी यंत्राच्या ठेक्यावर शब्द बसवले आणि ते शब्द अनपढ बायकांच्या ओठांवर ठेवले. जाते चालले, चरखा चालला, माग चालला, मग संगणकापाशीच घोडे का अडते?

दुसरा हिशेब मनाई करणाऱ्यांचा. येथे आम्ही अदबीने बोलू, कारण आम्ही मुफ्ती नाही आणि फतवा देणे आमचे काम नाही. संगीत जायज की नाजायज हा वाद उलेमांमध्ये शतकानुशतके चालत आला आहे आणि तो आमच्या लेखाने मिटणार नाही. पण हजरत निजामुद्दीन औलिया यांच्या नावे समाच्या ज्या चार अटी सांगितल्या जातात त्या आठवून पाहा. गाणारा कसा असावा, ऐकणारा कसा असावा, काय गायले जावे आणि वाद्ये कोणती नसावीत, अशा त्या अटी आहेत. प्रामाणिकपणे बोलायचे तर चौथ्या अटीत आजचा कोणताही कव्वाल बसायचा नाही; हार्मोनियमही नाही आणि तबलाही नाही. पण आमचे लोक चारांपैकी ही एकच अट पाठ करून बसले आहेत. काय गायले जाते, ऐकणाऱ्याचे मन कुठे आहे, या अटींचे काय? लग्नाच्या वरातीत अश्लील गाण्यांवर आपली पोरे नाचतात तेव्हा मनाईचा आवाज दबका असतो. नानीच्या ढोलकीवर मात्र तो चढतो. कारण नानी गरीब आहे, घरातली आहे आणि उलट बोलत नाही.

मनाई करणाऱ्यांच्या टोकाला बंदूक घेतलेले लोकही उभे आहेत, हेही विसरू नका. 'मस्त मस्त'चे मूळ ज्यांच्या नावाच्या गजरात आहे ते लाल शहबाज कलंदर सिंधमधल्या सेहवानला विसावले आहेत. 16 फेब्रुवारी 2017 च्या गुरुवारी तेथे धमाल चालू असताना बॉम्बस्फोट झाला. 80 हून अधिक माणसे मेली. त्यात बायका होत्या, लेकरे होती. आणि दुसऱ्याच दिवशी त्या फरशीवर पुन्हा धमाल झाली. त्या आधीच्या वर्षी, रमजानमध्ये, कराचीत अमजद साबरी या कव्वालाला गोळ्या घातल्या गेल्या. कलंदराचे नाव घेण्याची किंमत लोकांनी अशी मोजली आहे. म्हणून त्या शब्दाला हलके समजणाऱ्या प्रत्येकाशी आमचे भांडण आहे. मग तो बंदूकवाला असो, शिक्षक असो की व्यापारी.

तिसरा हिशेब त्या व्यापाऱ्याचा. 'मस्त' हा शब्द घ्या. सूफींच्या बोलीत मस्त म्हणजे खुदाच्या ध्यानात स्वतःला विसरलेला. त्या अल्बमवर शीर्षकाखाली इंग्रजीत दिलेला अर्थही 'त्याच्या कार्यात हरवलेला' असाच आहे. हाच शब्द मराठीत येऊन जेवणाला, हवेला आणि सिनेमाला लागला, त्याबद्दल तक्रार नाही. भाषा अशाच चालतात. तक्रार वेगळी आहे. त्या रिमिक्सवर 1996 च्या क्रिकेट विश्वचषकाच्या वेळी एका शीतपेयाची जाहिरात निघाली. त्याआधी 1994 च्या 'मोहरा' या हिंदी चित्रपटात खाँसाहेबांच्या कव्वालीची चाल आली. त्यात 'मस्त' उरले, कलंदर गेला आणि ज्या शब्दाने फकिराची अवस्था सांगायची त्याने पडद्यावरच्या नटीचे वर्णन होऊ लागले. पुढे 1997 मध्ये दुसऱ्या एका चित्रपटात तर अल्लाहच्या नावाच्या गजराची चाल उचलून त्या नावाच्या जागी इंग्रजीतली प्रेमाची कबुली बसवण्यात आली. यंत्राने हे केले नाही. हे शुद्धीत असलेल्या, पगार घेणाऱ्या माणसांनी केले.

आज 'सूफी' हा शब्द फार खपतो. लग्नात सूफी नाइट असते, हॉटेलात सूफी संध्याकाळ असते. तेथे डोलणाऱ्या साहेबलोकांना कव्वाली हवी असते, कव्वालाचा मोहल्ला नको असतो. शब्दांतून दर्गा काढला, उर्दू काढली, मुसलमान काढला आणि जो उरला त्या सुगंधी धुराला त्यांनी सूफी म्हटले. ही कात्री सर्वांत धारदार आहे, कारण ती कौतुक करत करत कापते.

मग काय, बाहेरच्या कोणी आमच्या गाण्याला हातच लावू नये? असे आम्ही म्हणणार नाही. 1997 साली खाँसाहेब गेले. त्याच वर्षी 'स्टार राइज' या अल्बममध्ये तल्विन सिंग, नितीन साहनी, एशियन डब फाउंडेशन अशा ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई मुलांनी त्यांच्या गाण्यांची नवी रूपे केली. तेथे रंगाने हिणवल्या गेलेल्या पिढीला त्या आवाजात आपले घर सापडले होते. हे आम्हाला परके वाटत नाही. पण जो गायक जिवंत नाही त्याच्याबरोबरचे 'सहकार्य' म्हणजे काय, हा प्रश्न तेथून सुरू होतो. 2007 मध्ये 'डब कव्वाली' नावाचा अल्बम निघाला. इटलीत जन्मलेल्या, लंडनमध्ये काम करणाऱ्या गाउडी या संगीतकाराने खाँसाहेबांच्या उमेदीच्या काळातल्या, पाकिस्तानात झालेल्या ध्वनिमुद्रणांतला आवाज घेऊन त्याभोवती नवे संगीत रचले. काम मन लावून केलेले आहे, ऐकायलाही चांगले आहे. मुखपृष्ठावर दोघांची नावे आहेत. पण 1990 मध्ये जे झाले ते येथे होऊ शकत नव्हते. एक ओळ चुकीची तुटली असती तर "बात बीच में कायकू तोड़े" असे विचारायला खाँसाहेब नव्हते. दोन माणसे मिळून काम करतात तेव्हा दुसऱ्याला 'नाही' म्हणता आले पाहिजे. हा हक्क नसेल तर त्याला सहकार्य म्हणू नये, आणखी काहीही म्हणावे. आता तर संगणक मेलेल्या गायकाचा आवाजही तयार करतो आणि त्याने कधी न गायलेली गाणी त्याच्या गळ्यात घालतो. तेथे 'नाही' म्हणायला कोण उरले?

एक गोष्ट आणखी सांगण्यासारखी आहे. ज्या 1990 मध्ये 'मस्त मस्त' बाहेर आला, त्याच वर्षी त्याच स्टुडिओत खाँसाहेबांनी यंत्राच्या तालाशिवाय, आपल्या साथीदारांसह चार पारंपरिक कव्वाल्या गाऊन ठेवल्या होत्या. ती फीत गोदामात पडून राहिली. 2021 मध्ये ती सापडली आणि 2024 च्या सप्टेंबरमध्ये 'चेन ऑफ लाइट' या नावाने लोकांपुढे आली. चौतीस वर्षे! न्यायाने बोलायचे तर त्या संस्थेने खाँसाहेबांच्या पारंपरिक कव्वालीचे अल्बमही वेळोवेळी काढले. दडपण्याचा आरोप करता येणार नाही. पण आम्हाला यातून वेगळेच सुचते. ती फीत एकतीस वर्षांनी सापडली, कारण ती मुळात भरून ठेवलेली होती. डब्यावर नाव होते, ठेवायला जागा होती, जुने सामान चाळणारे हात होते. आमच्या नानीच्या गाण्याची फीत कोणत्या गोदामात आहे?

येथे चौथा हिशेब येतो आणि तो आमचा स्वतःचा आहे. उर्दू माध्यमाच्या शिक्षकांचा.

दखनीचा गळा सर्वांत आधी कोणी दाबला असेल तर तो आम्ही. पोर वर्गात "मेरे कू" म्हणाले की आम्ही म्हणतो, "मुझे बोलो, जाहिल कहीं के!" "कायकू" म्हणाले की वर्ग हसतो आणि आम्ही हसू देतो. निबंधात आईच्या तोंडचा शब्द आला की त्याखाली लाल रेघ. लखनौ आणि दिल्ली आम्ही पाहिलेली नाही, पण तिची पहारेदारी मात्र सोलापुरात करतो. उर्दूची पहिली मोठी कविता ज्या दखनीत झाली, त्या दखनीला आम्ही बिघडलेली उर्दू म्हणून शिकवतो. मग त्या पोरांनी नानीची ओळ मध्येच तोडली तर दोष कोणाचा? त्यांना सूर कळला, अर्थ कळला नाही. कारण तो अर्थ शिकण्यालायक आहे, असे आम्ही त्यांना कधी सांगितलेच नाही. ब्रूक यांना भाषा येत नव्हती, ही त्यांची सबब खरी होती. आमच्या पोरांची मातृभाषा त्यांना परकी झाली, ही सबब कोणाच्या खात्यावर लिहायची?

महाराष्ट्रात हे काम करणारी माणसे झाली आहेत. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदले. कामगार आणि शेतकरी बायांच्या ओव्यांना त्यांनी कवितेचा मान दिला. आपल्या मोहल्ल्यांतल्या रतजग्याच्या, हळदीच्या, पाळण्याच्या, मोहरमच्या गीतांसाठी आपण काय केले? आपल्याकडे उर्दू शाळा आहेत, डी.एड., बी.एड. झालेली फौज आहे, साहित्य संमेलने आहेत, मुशायरे आहेत. मुशायऱ्याला शायर बाहेरून येतो, त्याला मानधन मिळते, शाल मिळते. नानीला "बस करो अम्मा, मेहमान आए" एवढेच मिळते.

म्हणून आमचे म्हणणे अगदी साधे आहे. प्रत्येक उर्दू शाळेने यंदा एक वही घालावी. सुट्टीत मुलांनी घरातल्या म्हाताऱ्या बायांची गाणी मोबाइलमध्ये भरावीत. पूर्ण भरावीत, अर्धी नको. गाणारीचे नाव, गाव, ती गाणे कोणाकडून शिकली हे लिहावे. शब्द उर्दू आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत उतरवावेत, म्हणजे मराठी शाळेतल्या आपल्या मुलांनाही ते वाचता येतील. कठीण शब्दाखाली अर्थ लिहावा, लाल रेघ ओढू नये. मग पोरांना त्यावर हवा तो ठेका घालू द्या. ढोलकी घाला, गिटार घाला, संगणक घाला. अट एकच: कापण्याआधी गाणारीला ऐकवायचे आणि ती नको म्हणाली तर थांबायचे. गाणे बाहेर गेले, त्याला चार पैसे मिळाले, तर त्यात तिचे नाव आणि तिचा वाटा असला पाहिजे. हे कोणत्या परदेशी कायद्यातून आणलेले नाही. अमानत म्हणजे काय ते आपल्याला लहानपणीच शिकवलेले आहे. दुसऱ्याची ठेव जशीच्या तशी परत करायची असते.

काही जण म्हणतील, समाजापुढे बेकारी आहे, पोरांचे शिक्षण सुटते आहे, रोज एक नवे संकट उभे आहे आणि तुम्ही गाण्यांचे काय घेऊन बसलात? खरे आहे. संकटे आम्हालाही दिसतात. ती आमच्या वर्गातल्या रिकाम्या बाकांवर रोज बसलेली असतात. पण ज्या समाजाला उठता-बसता परका म्हटले जाते, त्याच्याजवळ या मातीतल्या मुक्कामाचा याहून पक्का दाखला कोणता? कागद जळतो, हरवतो, नाकारला जातो. नानीच्या गीतातली बोली, त्यातली बोर आणि बाभूळ, त्यातला बैलगाडीतून येणारा भाऊ, हे कुठल्या परक्या मुलखातून आणता येत नाही. हा दाखला आपल्या घरात आहे आणि दर वर्षी एकेका जनाज्याबरोबर आपण तो दफन करतो आहोत.

त्या तीन पोरांचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. संमेलन तर निघून गेले होते. पण पोरे पुन्हा नानीकडे गेली, ओळ पुरी भरून घेतली आणि गाणे नव्याने बांधले. आता ते साडेतीन मिनिटांचे झाले आहे. बापाला सांगितलेले सगळे बोलणे त्यात आहे. भावाचे नाव येते तेथे पोरांनी ठेका आपण होऊन थांबवला आहे. सुरुवातीला एक पोरगा नानीचे पूर्ण नाव आणि तिच्या माहेरचे गाव सांगतो.

यंदाच्या संमेलनासाठी आम्ही परवानगीचा अर्ज स्वतःच्या सहीने दिला आहे. सोबत गाण्याचे शब्द दोन्ही लिप्यांत जोडले आहेत. शिक्षकांच्या खोलीत वाद होईल, व्हावाच. पण या वेळी आधी शब्द वाचा आणि मग भांडा, एवढे आम्ही नक्की म्हणणार आहोत.